झेंडूच्या हाराखालचा नंबर

२ ऑक्टोबर, दसरा
वाट लागली! आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या द्रौपदीला गाडीने उडवलं. मुलुंडात, भर नाक्यावर. उजवं मनगट मोडलं. गाडीवाला थांबलासुद्धा नाही! सौरभ आमची गाडी घेऊन घाटकोपरला सोनं वाटायला गेला होता, म्हणून तिला रिक्षाने नेलं.

३ ऑक्टोबर
मनगटात प्लेट घालायची म्हणे. तीन महिने पोळ्या बंद, पाच घरांच्या! धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळते. पण कंपनी कुठली? हवालदार म्हणाले, "गाडीचा नंबर आणा, कंपनीचं नाव मोबाइलवर एका मिनिटात काढतो." म्हणजे शोधायचं मी, मिनिट यांचं!

द्रौपदी म्हणाली, "नाना, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी. तुम्हीच काढाल शोधून." छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

४ ऑक्टोबर
औषधाच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात गाडी सापडली! अंधुक, पांढरी — मुंबईत दुसऱ्या रंगाच्या विकत नसावेत. आणि नंबरावर काय? झेंडूचा हार! दसऱ्याला गाडी पुजायची आणि हार नेमका नंबरावर. देवापासून नंबर लपवायचाय की काय? ग्रुपवर खरमरीत मेसेज टाकला — "हार घालणाऱ्या मूर्खांनो..." एकवीस अंगठे आले.

सोसायटीतल्या सतरा गाड्यांना मीच हार घातले, पण ते भक्तीने.

५ ऑक्टोबर
सौरभ म्हणतो, "जाऊ दे ना बाबा. कशाला नादी लागतोस?" ही आजची पिढी! तरी एक बरं — चिरंजीवांनी आपणहून गाडी धुतली. चार वर्षांत पहिल्यांदा बादली उचलली.

६ ऑक्टोबर
द्रौपदीकडे गेलो. डाव्या हाताने चहा केला तिने. सांडला. माझीच माफी मागत होती. फार वाईट वाटलं.

७ ऑक्टोबर
दुकानदाराने फोटो मोठा करून पाठवला. नंबर नाहीच. पण झेंडूच्या मधोमध जांभळी अस्टर.

झेंडू संपला म्हणून एकाच हारात मी ती ओवली होती. आमच्या गाडीच्या.

सौरभला फोटो दाखवला. हातातला घास त्याने ताटात ठेवला. "बाबा, मी घाबरलो रे." एवढंच.

८ ऑक्टोबर
द्रौपदीला फोन करून विमा कंपनीचं नाव सांगितलं. पॉलिसी माझ्याच कपाटात आहे.

"आणि नंबर, नाना? मिळाला?"

नंबर मला पाठ होता.