गरम पाण्याची नोकरी

१२ मार्च, दुपारी ३.२०

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
वीजकेंद्रातून खाडीत सोडलेल्या पाण्याचं तापमान नुकतंच लिहून पत्राला बसलोय. एकोणचाळीस.

चार वर्षांत ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं, त्या साहेबांनी आज मला खुर्ची दिली. ताई घरी येते का, फोन करते का, विचारलं. मग म्हणाले, तुझ्यासारख्याला अजून कंत्राटावर ठेवलं हे आमचंच चुकलं, पुढच्या महिन्यात पर्मनंट करून टाकू. ताईंना फक्त सांग, पाणी थंड करूनच सोडायचा नियम पाच वर्षांनी आणला तरी चालेल. विचार करून सांगतो म्हणालो.

काय सांगू? आईला कळवलेलं नाही. ती लगेच मुली बघायला लागेल.

तुझा धाकटा

१८ मार्च

चि. काटेकोररावांस,
अनेक आशीर्वाद.
सहा वर्षं त्या खाडीतले प्रवाळ मरताना मोजले. मोजून ते वाचत नाहीत म्हणून प्रयोगशाळा सोडून नियम ठरवणाऱ्या या समितीत आले, तर चौथ्या बैठकीत दीड तास पुढच्या बैठकीची तारीख ठरवण्यात गेला. अध्यक्ष म्हणाले, घाई कसली, समुद्र कुठे पळून जातोय? सगळे हसले. मीही हसले, त्याचाच जास्त राग येतोय.

तू तिथे आहेस हे मी समितीला पहिल्याच दिवशी लेखी कळवलंय. पण नियम चर्चेत असताना तू पर्मनंट झालास, तर हितसंबंध आला म्हणून मला चर्चेतून उठावं लागेल. नियमाच्या बाजूने बोलणारी मी एकटीच आहे. तरी नाही म्हण, असं सांगायचा हक्क मला नाही. पोट तुझं आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

२४ मार्च, सकाळी ७.०५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
हक्क नाही म्हणे! माझी शाळा सुटल्यावर एकेक ओळ पाच-पाच वेळा लिहून घ्यायचीस, तेव्हा कोणाला विचारलं होतंस? या वेळी एक ओळ स्पष्ट लिहायला काय झालं होतं?

काल साहेबांना नाही म्हणालो. या खेपेला उभ्यानेच. सोमवारपासून येऊ नकोस, म्हणाले. त्यांनी काय देऊ केलं, कधी, बदल्यात काय मागितलं, ते वेगळ्या कागदावर लिहून, सही करून सोबत जोडलंय. शुद्धलेखन दोनदा तपासलंय. समितीपुढे वाच. अध्यक्षांना हसू आलं तरी तू हसू नकोस.

लोभ आहेच, रागही आहे. दोन्ही सांभाळून ठेव.
तुझा धाकटा

ता. क. खर्च : कागद व टपाल, ५२. देणं : खोलीचं भाडं, १,८००, तुझे जुने, ६००. ते कधी फिटतील हे मला विचारू नकोस. समितीला विचार.