सहा खड्यांचा शब्द

९ जानेवारी १९८९, डोंबिवली
आज मटार सोलताना आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या खोलीत हे आणि मी असेच बसलो होतो. ह्यांनी खिशातून अंगठी काढून मटारांत टाकली. कल्याणच्या रेल्वे वसाहतीतली एक म्हातारी मड्डम सामान विकून निघाली होती, तिच्याकडची. "तुझ्या कॉन्व्हेंटचं इंग्रजी आहे म्हणे यात. वाच."
रूबी, एमरल्ड, गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, रूबी, डायमंड. पहिली अक्षरं जुळवली. रिगार्ड. म्हणजे आदर, जिव्हाळा.
"आमच्या ऑफिसच्या पत्रांत शेवटी असतं तेच ना?" हे म्हणाले. किती हसले होते मी!
गोड बोलणं ह्यांना कधी जमलं नाही. हा एकच शब्द. हे जाऊन दोन वर्षं झाली.
आमच्या लेकीच्या, रोहिणीच्या साखरपुड्यात तिला घालायची म्हणून अंगठी पॉलिशला दिलीय. वन्सं कल्याणला जातच होत्या.

१४ जाने.
वन्संनी अंगठी आणली. हिरा नाही, जांभळा अ‍ॅमेथिस्ट नाही. तिथे मोती आणि पोवळं!
"माणकाशेजारी हिरा? शत्रू रत्नं ती. जांभळा तर शनीचा. म्हणून माझा वसंता गेला. मीच सोनाराला बदलायला सांगितलं."
नवऱ्याला मी मारलं, एवढंच म्हणायचं ठेवलं.
"वन्सं, ते इंग्रजी होतं हो."
"असू दे. ग्रहांना इंग्रजी कळत नाही."
चहासुद्धा विचारला नाही. जा म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ जाने.
पोवळं म्हणजे कोरल, मोती म्हणजे पर्ल. आर, ई, जी, सी, आर, पी. वाचा आता!

१७ जाने.
कल्याणला सोनाराकडे. "हिरा हा घ्या. जांभळा हलका माल होता बाई, गेला इकडेतिकडे. दुसरा बसवतो, सेम टू सेम."
सेम! भर दुकानात ओरडले. मग म्हणाला, पुड्या उलगडून बघतो. वर सांगतो, "तुमच्या वन्सं इथेच बसून रडल्या, भावाच्या आठवणीने."
ऐकून राग उतरायला हवा होता. नाही उतरला.

२२ जाने.
उद्या अ‍ॅडमिट, पित्ताशयाचं ऑपरेशन. सोनाराचा निरोप नाही.
रोहिणी, काही झालंच तर. अंगठी तुझी. हिरा कपाटात आहे, बसवून घे. अ‍ॅमेथिस्ट तोच मिळाला तर बसव, नाहीतर त्या खड्याचं घर रिकामं ठेव. कुणाचं ऐकून भरू नकोस. पाटल्या तुझ्या वहिनीला.
मोती आणि पोवळं वन्संना, डबीत घालून. त्या विचारतील, "सुमती काही म्हणाली का?" काय सांगायचं ते मी अजून ठरवलं नाही.