लिनेआचं कॉलेजचं खातं

प्रिय लिनेआ,

बेव्हने आज सकाळी नक्की सांगितलं: तुझ्या कॉलेजसाठी साठवलेले पैसे मी आता काढून घेतले, तर दंड पडणार नाही. कर पडेल, पण तोही सगळ्या रकमेवर नाही. चष्मा डोक्यावर सरकवून तिने आयकर खात्याची पुस्तिकाच उघडली आणि मला तो परिच्छेद दोनदा वाचून दाखवला. निम्म्या गावाचे कराचे कागद तीच भरून देते, तेव्हा तिच्या शब्दापुढे बोलायला जागा नाही. फी म्हणून नेहमीसारख्या मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी मागितल्या आणि वर दम दिला, "पॉला, या खेपेला सलगम कमी घातलंस तर सरकारला तुझं नाव मीच कळवीन!"

मला वाटत होतं, कॉलेजशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला की सगळ्या पैशांवर कर. बेव्ह म्हणाली, "अगं, तू घातलेले डॉलर तुझेच आहेत, त्यांच्यावर कर कधीच भरून झालाय. आता कर लागेल तो त्यांच्या वाढीवर." मग मी शहाणपणा केला. म्हटलं, आधी आमचे घातलेले तेवढे काढते, वाढ राहू दे तिथेच. ती हसायलाच लागली. "पेस्टी कापलीस की प्रत्येक तुकड्यात मांस येतं तसा बटाटाही येतो ना? नुसता बटाटा तेवढा उचलू म्हणशील तर नाही जमत बाई. प्रत्येक वेळी दोन्ही थोडं थोडं निघणार." चेक माझ्या नावाने आला तर कर माझ्यावर, तुझ्या नावाने आला तर तुझ्यावर, पण तू अजून शिकतेस, त्यामुळे तो बहुतेक आमच्याच दराने धरतील आणि वाचणार काही नाही. हे सगळं तुला का सांगते आहे असं वाटत असेल. थोडी कळ काढ.

तुझे बाबा रविवारी डुलूथच्या धक्क्यावरून बोलले. जहाजात खनिज भरायला वेळ लागत होता, म्हणून स्वारी गप्पांच्या रंगात होती. म्हणाले, "पोरगी सरकारी खर्चानं शिकतेय, आणि आपण पैसे तिथे लोणच्यासारखे मुरत ठेवायचे? सौनाच्या छपरातून आभाळ दिसतंय, पॉला!" सौनाचं म्हणणं खोटं नाही. मागच्या शनिवारी मी आत वाफ घेत बाकावर बसले होते आणि मानेवर गार थेंब पडत होते. बाबांच्या डोक्यावर अजून तुझ्या नौदल अकादमीची ती टोपी असते. जहाजावरचा आचारी विचारतो म्हणे, "काय रॉड, झोपताना तरी काढतोस ना?" प्रत्येक बंदरात कोणी ना कोणी टोपीवरचं वाचून तुझी चौकशी करतं, आणि मग बाबांना थांबवणं अवघड.

ते खातं कसं वाढलं ते तुला ठाऊक नसेल. जानेवारीत सरोवरांमधल्या कालव्याची दारं बंद झाली, जहाजं हिवाळ्यासाठी बांधली गेली, की बाबा घरी यायचे. पहिल्या दिवशी ते झोपायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फ उपसून गाडी काढायचो, बँकेत जाऊन तुझ्या नावाने पैसे भरायचो आणि येताना तळलेला मासा खायचो. तेव्हा तू मागच्या सीटवरून बुटांनी माझ्या पाठीला लाथा मारायचीस. मनात माझं एक ठरलेलं होतं. तू असं काही शिकावंस, की संध्याकाळी सहाला घरी येऊन जेवायला बसता येईल. वर्षातले नऊ-दहा महिने ज्याचं ताट मांडायचं नाही, अशा माणसाशी मी लग्न केलं, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण तुझं ताट रोज मांडलेलं असावं, एवढीच माझी इच्छा होती. तू मात्र तेव्हापासूनच पाण्याची. बाबांचं जहाज किनाऱ्याजवळून जायचं तेव्हा माझ्या हातातलं भांडी पुसायचं फडकं ओढून टेकडीवर धावायचीस. त्यांचा भोंगा वाजायचा, तीन लांब, दोन आखूड, आणि दिसेनासं होईपर्यंत तू फडकं हलवत राहायचीस. मी ओट्यापाशी ओल्या हातांनी उभी. अकादमीचं पत्र आलं त्या दिवशी मी फारसं बोलले नाही. तू ते ओळखलंस.

बेव्हने वाचलेला तो परिच्छेद अजून कानातून जात नाही. दंड कधी माफ होतो, त्याची कारणं तिथे एकाखाली एक दिली आहेत. मूल दगावलं तर. मूल अपंग झालं तर. शिष्यवृत्ती मिळाली तर. लष्करी अकादमीत गेलं तर. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसेल, त्याने आपली कारणं मांडली. पण वाचता वाचता बेव्हचाही आवाज खाली आला, आणि कप भरलेला असताना ती कॉफी आणायला उठली. परत आली तेव्हा मी आणखी एक विचारलं. समजा, लिनेआने तिथून निघून दुसऱ्या कॉलेजात नाव घातलं तर? तिने पुस्तिका मिटली. मग म्हणाली, "तर मग कर नाही आणि दंडही नाही. पैसे थेट कॉलेजला पाठवायचे, आणि ज्या वर्षीची फी त्याच वर्षात काढायचे. बस्स."

मे महिन्यात फोन ठेवता ठेवता तू विचारलं होतंस, "आई, माझं ते खातं अजून आहे का गं?" मी म्हटलं, बेव्हला विचारते. तू "सहजच विचारलं" म्हणालीस आणि हवेबद्दल बोलायला लागलीस. सहज विचारणारी मुलगी तू नाहीस. ऑगस्टमध्ये तुमचं तिसरं वर्ष सुरू होईल आणि तू कागदावर सही करशील: दोन वर्षं तिथे, पुढची पाच नौदलात. तोवर निघून जायला मोकळीक असते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ये, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर त्यात माझी जुनी इच्छा बोलेल, आणि राहा म्हटलं तर बाबांची टोपी. म्हणून एवढंच लिहिते: खातं आहे, तुझ्याच नावाचं आहे, आणि सही होईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. सौनाच्या छपरावर ताडपत्री टाकली आहे. बाबांना आज फोनवर हे सगळं सांगितलं. म्हणाले, "ताडपत्री नीट बांध." तू राहिलीस तर थोडा कर आम्ही भरू आणि नवं छप्पर घालू. निघालीस तर छप्पर पुढच्या उन्हाळ्यात. सहीच्या आदल्या दिवशी मी तिथे पोचते आहे, तिकीट काढलं आहे. फाटकाबाहेर उभी राहीन. ते फडकंही घेते आहे, म्हणजे गर्दीत तुला दिसेन.

राहिलीस तरी, निघालीस तरी तुझीच,
आई