इंजिनखोलीचं दार

बर्गन, ४ फेब्रुवारी १९९७

चि. एइनार यास अ. आ. (निम्मे राखून ठेवलेत. का ते पुढे वाच.)

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद पाठवते. हा मध्येच आपटून ठेवता येत नाही.

नाताळात मेंढीच्या बरगड्या मी करपवल्या, कबूल. पण धूर दिसला म्हणून पाहुण्याने अनवाणी बर्फात जाऊन उभं राहायचं? शेजारीण अजून विचारते, तुमचा भाऊ कुठल्या पंथाचा? उरलेले तीन दिवस तू अंगातलं जाकीट न काढता खुर्चीत बसलास. माझे हे म्हणाले, फर्निचर बरं आहे, पण खातं फार. खरं तर तू काहीच खाल्लं नाहीस. म्हणूनच ते बोलले.

उदासीच्या गोळ्या घेतोस का? तुझ्या फेरीबोटीला आग लागली त्याला चौदा महिने झाले. सगळं कळव. आळसाने दोन ओळी खरडल्यास तर मी स्वतः येऊन थडकेन.

लोभ आहे, वैतागही आहे.
तुझी ताई, तोरिल

*

ओलेसुंद, १९ फेब्रुवारी १९९७

ती. तोरिलताईस सा. न. वि. वि.

गोळ्या घेतो. त्यांनी एवढंच झालं, की पूर्वी रडत पडायचो, आता नुसता पडतो.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली. वयाने माझ्या निम्मी, नाक कायम गळकं. तिने मन कसं आहे ते विचारलंच नाही. डिझेलचा वास आला की काय करता, असं विचारलं. मला घाम फुटला. तेव्हा ती म्हणाली की उदासी आहेच, पण त्या आगीची धास्तीही अंगात तशीच आहे. झोप नाही, माणसं नकोत, कशात जीव नाही, सगळा दोष आपला, हे दोन्ही दुखण्यांत सारखंच असतं. त्यामुळे एकीवर औषध चालू राहतं आणि दुसरी खुशाल मुक्काम करते. मला हे सोयीचंच होतं. उदास आहे म्हटलं की लोक पाठ थोपटून निघून जातात, आगीचं कोणी विचारत नाही.

तुला सांगतो, कारण कागदावर तुझा चेहरा दिसत नाही. इंजिनखोलीचं दार मी बंद केलं. कप्तानाचा हुकूम होता, वर नव्वद प्रवासी होते. आत माझ्या जोडीने काम करणारा स्वेरे होता. त्याची बायको गुन्वोर चार गल्ल्या पलीकडे राहते. तिचं घर लागू नये म्हणून मी पाव आणायला टेकडी चढून जातो. कधी वाटतं, आत मी असायला हवा होतो.

असो. लोभ असू दे, येण्याची तसदी नको.
तुझा एइनार

*

बर्गन, २३ फेब्रुवारी १९९७

चि. एइनार यास सगळेच्या सगळे आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. ह्यांना दाखवलं नाही.

आडवळण नको, सरळ विचारते. मरायचं मनात येतं का? येत असेल तर त्या गळक्या नाकाच्या मुलीला आजच सांग, आणि मग मला. मी गुरुवारच्या बसने निघते आहे. तुझी तसदी खड्ड्यात गेली.

गुन्वोरला भेटायचं की नाही ते तू आणि ती डॉक्टरीण ठरवा. सोबत हवी असली तर मी फाटकाशी उभी राहीन आणि तोंड मिटून ठेवीन. दुसरं मला जमत नाही हे तुला माहीत आहे, पण प्रयत्न करीन.

घरात स्वच्छ टॉवेल असावा.
ताई

*

ओलेसुंद, १६ एप्रिल १९९७

ती. ताईस सा. न.

तू गेल्यापासून घरात शांतता आहे आणि टॉवेल आहेत. डॉक्टरणीकडे दर मंगळवारी जातो. तुला सांगितलं तेच तिलाही सांगितलं होतं: मनात यायचं. आता कमी येतं. ती मला त्या दारापाशी पुन्हा पुन्हा नेते, आरंभापासून सगळं बोलायला लावते. बाहेर आलो की तिच्या जिन्यात ओकतो. झाडूवाल्याशी ओळख झाली आहे.

आज गुन्वोरकडे एकटाच गेलो. दार कोणी लावलं ते उभ्याउभ्याच सांगितलं. ती म्हणाली, चौकशीच्या अहवालात ते वाचून तिला वर्ष झालं. राग होता का, विचारलं. दाराचा दोन महिने होता, म्हणाली, आणि मी आलो नाही याचा आजपर्यंत. तिला एवढंच हवं होतं, की शेवटी स्वेरे काय बोलत होता. ते सांगू शकणारा माणूस मी एकटा, आणि मी टेकडी चढत होतो.

मी खरं ते सांगितलं. आग लागायच्या जरा आधी तो तिच्या आईला शिव्या देत होता. सासूबाई इस्टरला तीन आठवडे येणार आहेत, त्यापेक्षा जहाज बुडालेलं परवडलं, असं म्हणाला होता. गुन्वोर इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग बराच वेळ रडली. मग मी.

त्यानंतर तिच्या सोफ्यावर मला झोप लागली, दिवसाढवळ्या, चार तास. जागा झालो तर अंगावर पांघरूण आणि टेबलावर चिठ्ठी: ती कामावर गेली आहे, निघताना दार नुसतं ओढून घ्यावं.

तिच्याच टेबलाशी बसून हे लिहितो आहे. पत्र संपलं की दार ओढीन. आत कोणी नाही ना ते एकदा बघीन, मग ओढीन.

लोभ आहेच, तो तसाच ठेव.
तुझा एइनार