सत्तावीस वर्षांचा मालक

५ मार्च, शनिवार

गॉर्डननं आज सगळ्यांदेखत विचारलं — एप्रिलच्या प्रदर्शनात मधलं टेबल घेशील का? मधलं! सव्वीस वर्षं या मंडळींनी मला दाराजवळ बसवलं. तिथे वारा लागतो आणि येणारे-जाणारे माझ्याकडे तिकिटं मागतात. नवरा, वॉल्ट, होता तोवर लोक त्याच्याशीच बोलायचे, पिस्तुलं माझी असूनही. तो बिचारा म्हणायचा, मला काही विचारू नका, मी नुसता गाडी चालवतो.

टेबल मला नाही, थॅक्स्टनच्या रिव्हॉल्व्हरला मिळालंय. एवढं कळतं मला. लेम्युएल थॅक्स्टन, यादवी युद्धातला आमच्या गावचा एकुलता एक कॅप्टन. गॉर्डन त्याचा पणतू आणि आमच्या जुन्या शस्त्रांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्यांच्याच घराण्याची एक शाखा इंडियानात होती, ती गेल्या वर्षी संपली, आणि लिलावात हे मला मिळालं. सहा बारी कोल्ट. मुठीच्या पाठीवर कोरलंय — कॅप्टन थॅक्स्टन यांस, डी कंपनीच्या शिपायांकडून. शिपाई सगळे काळे. कॅप्टन तेवढा गोरा.

लोखंड कुणीही जमवतं. मी कागद जमवते. काउंटीच्या कचेरीत एकतीस वर्षं खरेदीखतं नोंदवली — जमीन कुणाकडून कुणाकडे, कधी, कशी गेली. एक कडी निसटली की पुढचं सगळं अधांतरी. माझ्याकडे अधिकाऱ्यांची अकरा रिव्हॉल्व्हरं आहेत. दहांची गोष्ट पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटापर्यंत सलग सांगता येते. या अकराव्याच्या गोष्टीत भोक आहे. १८६४ ते १८९१. तेवढ्या काळाबद्दल फक्त कॅप्टनच्या मुलाचं एक पत्र — "वडिलांचं चोरीला गेलेलं पिस्तूल त्या काळ्या पर्नेलकडून सोडवून आणलं."

हा पर्नेल कोण, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मी विचारलंय. जानेवारीतच वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तराकडे अर्ज टाकलाय.

६ मार्च, रविवार

गॉर्डनची बायको केक घेऊन आली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ मार्च, मंगळवार

आला लखोटा! एकवीस पानं. स्वयंपाकाच्या टेबलावर पसरून बसले, सूप दोनदा गरम करून दोनदा गार झालं.

सार्जंट एलायजा पर्नेल, डी कंपनी. कंबरेत गोळी लागली म्हणून पेन्शन मागितलेलं. गोळी लढताना लागली हे सिद्ध करायला सोबतच्यांच्या साक्षी लागायच्या. दोन आहेत. दोघांनाही लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी फुल्या. पहिला म्हणतो — "नदीच्या उतारावर आम्ही अडकलो. कॅप्टन मागे झाडीत गेला. मग सार्जंट पर्नेल कॅप्टनचं पिस्तूल घेऊन पुढे झाला आणि त्यानं कंपनी पार नेली. तिथेच त्याला गोळी लागली." दुसरा चार वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या कारकुनापुढे — तेच.

म्हणजे कॅप्टन पळाला. सार्जंट लढला. आणि पुढे सत्तावीस वर्षांनी कॅप्टनच्या पोरानं त्याच्या दारात जाऊन त्यालाच चोर म्हटलं.

सूपचं पातेलं मोरीत आदळलं. रागानं. वयामुळे नाही.

१६ मार्च, बुधवार

टेबलावरचं कार्ड लिहून झालं. सहा वेळा लिहिलं, पाच वेळा फाडलं. शेवटी असं — "लढाईत कॅप्टन थॅक्स्टन कंपनी सोडून मागे पळाले. सार्जंट एलायजा पर्नेल यांनी याच रिव्हॉल्व्हरनिशी कंपनीचं नेतृत्व केलं. १८६४ ते १८९१ हे त्यांच्याकडे होतं. चोरीचा पुरावा नाही."

मंडळाचा नियम आहे, कार्ड आधी अध्यक्षाला दाखवायचं. पाठवून दिलं. नियम मोडायला मी काही घाबरत नाही, पण लपून काही करायचं नाही.

२२ मार्च, मंगळवार

गॉर्डन येऊन गेला. कोटही काढला नाही.

"वर्ना, हे कार्ड टेबलावर येणार नाही."

"मग रिव्हॉल्व्हरही येणार नाही."

त्याचं म्हणणं, दोन निरक्षर माणसं मित्राच्या पेन्शनसाठी काय वाटेल ते सांगतील. मी म्हटलं, तुमच्याकडे काय आहे? लढाईच्या वेळी दोन वर्षांचा असलेल्या माणसाचं एक पत्र! मग त्यानं शाळेला कॅप्टनचं नाव आहे ते सांगितलं, चौकातला पुतळा सांगितला, दर मे महिन्यात मुलं तिथे फुलं ठेवतात ते सांगितलं. जसं काही मी या गावात राहतच नाही.

"तुला हवंय तरी काय?" शेवटी म्हणाला.

"सत्तावीस वर्षं. ज्याची होती त्याच्या नावावर."

दारात थांबून म्हणाला, वॉल्ट असता तर त्यानं तुला समजावलं असतं. मी म्हटलं, वॉल्ट असता तर त्यानं गाडी बाहेर काढली असती.

तो जाताना खिडकीतून पाहिलं. शहात्तर वर्षांचा आहे तो. पायऱ्या उतरताना कठडा धरत होता. म्हणून काय खोटं लिहू?

२४ मार्च, गुरुवार

मंडळाचं पत्र. माझं टेबल रद्द, "जागेच्या अडचणीमुळे". गेल्या वर्षी निम्मी टेबलं रिकामी होती. पत्रावर पाच सह्या. त्यातल्या तिघांना रिव्हॉल्व्हरवरचे छाप वाचायला मी शिकवलंय.

जागाच हवी ना? हॉलबाहेर गाड्या लावायचं मैदान सार्वजनिक आहे. टाउन हॉलमध्ये जाऊन नकाशा पाहून आले. शिक्क्यासकट प्रत घेतली.

२ एप्रिल, शनिवार

सकाळी आठला पिकअप हॉलच्या दारासमोर उभी केली. मागचं फळकूट पाडलं, त्यावर काचेची पेटी, कार्ड, साक्षींच्या प्रती. घडीची खुर्ची, गुडघ्यावर घोंगडी. गार वारा. कागदांवर दगड ठेवले.

पहिला तास कुणी फिरकलं नाही. मग कॉफीचे पेले घेऊन एकेक बाहेर यायला लागले. अकराच्या सुमाराला रांग! आत मधलं टेबल मोकळं आणि बाहेर माझ्या ट्रकमागे रांग. खजिनदार निरोप घेऊन आला — बाई, आत ये, जागा करतो, फक्त कार्ड घरी ठेव. मी त्याला रांगेत उभं राहायला सांगितलं. गॉर्डन आतून खिडकीतून बघत होता. मीही बघत राहिले. आधी तो हलला. वर्तमानपत्राची मुलगी फोटो काढून गेली.

दुपारी एक काळी बाई आली. उंच, पांढरे केस, साधारण माझ्याच वयाची. कार्ड तीनदा वाचलं. हे कुठून मिळालं, विचारलं. मी प्रती दिल्या, त्याही उभ्यानं वाचल्या. लविनिया गेन्स नाव, चाळीस मैलांवर राहते, हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या चर्चमधल्या कुणीतरी सकाळी इथे कार्ड वाचून तिला फोन केला होता.

"पर्नेल माझं माहेरचं नाव," म्हणाली.

मी पेटी तिच्यापुढे सरकवली. म्हटलं, हे तुमच्या घरातलं आहे, तुम्ही न्या. तिनं पेटी परत माझ्याकडे सरकवली. म्हणाली, पिस्तूल मला नको. पण हे कार्ड... आणि थांबली. पुढच्या रविवारी जेवायला या, काही दाखवायचंय, असं उभ्या उभ्या नाही.

आनंदानं गप्प झाली असावी.

३ एप्रिल, रविवार

पहिल्या पानावर! "कॅप्टन थॅक्स्टन पळाले होते." माझ्याच कार्डातले शब्द. गॉर्डनचा फोन दोनदा आला. उचलला नाही.

६ एप्रिल, बुधवार

पुतळ्यावर कुणीतरी लाल रंगानं "पळपुटा" लिहिलंय. दुकानात जाताना पाहिलं. गॉर्डन स्वतः शिडीवर चढून घासत होता. बायको खाली शिडी धरून. तिनं मला पाहिलं. मी गाडी थांबवली नाही.

रंग मी लावलेला नाही. मी फक्त कागदावरचं लिहिलं. वाईट वाटून घेणार नाही.

१० एप्रिल, रविवार

लविनियाकडे हॅम, घेवडा, मक्याचा पाव. जेवताना तिनं विम्याच्या कागदांच्या फायलीतून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. १८९२ सालचं. कॅप्टन थॅक्स्टनचं अक्षर — त्याच्या चार सह्या आहेत माझ्याकडे, शंका नाही.

"एलायजा, माझ्या मुलानं काय केलं ते मला आज कळलं. पिस्तूल मी तुझ्या हातात दिलं होतं, कारण तुझ्या भावाला झाडीपर्यंत उचलून न्यायला मला दोन्ही हात हवे होते. ते तुझं आहे. अंथरुणातून उठलो की स्वतः आणून देईन."

तो उठला नाही.

कॅप्टन मागे झाडीत गेला. साक्षीत एवढंच होतं. पळाला हा शब्द माझा. एकट्या माझा. उद्या सकाळी आधी गॉर्डनचं दार, मग वर्तमानपत्राची कचेरी.

मला ताटाकडेच बघवत होतं. तसंच विचारलं, तुम्ही एलायजाच्या कोण?

"एलायजाला मूलबाळ नव्हतं," लविनिया म्हणाली. "मी त्या भावाची पणती."