ईशाने न सांगितलेलं

राजेंद्र नगर, इंदूर
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय शारदा,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे मजेत असाल असं लिहायची आपली सवय, पण मजेत नाही हे तू परवा फोनवरच सांगितलंस, म्हणून ते वाक्य सोडून देते.

लक्ष्मणरावांनी देपालपूरच्या बसमधून पाठवलेली पिशवी मिळाली. तुरीच्या शेंगा आणि हिरवे हरभरे अगदी ताजे होते. शेंगा सोलून ठेवल्यात, अजून शिजवल्या नाहीत. इथे थंडी बरीच पडली आहे. माझा गुडघा कुरकुरतो, पण विद्यापीठात विभागाचा जिना चढवतो अजून. मंडळाच्या कार्यक्रमाला यंदा गेले नाही. तिथे सगळे विचारतात, "तुमच्याकडची ती मुलगी दिसत नाही हल्ली?"

पिशवीत तुझी चिठ्ठी होती. 'माझ्या लेकीसाठी तू एवढं केलंस, हे कसं विसरू?' ती वाचल्यापासून तीन दिवस मी पत्र लिहायला बसते आहे.

फोनवर तू विचारलंस, "पमा, ही काही बोलतच नाही गं. तू तर आत होतीस. नेमकं झालं काय तिथे?" मी म्हटलं, कुकर लावलाय, नंतर सांगते. कुकर लावला नव्हता.

ईशाने तुला काही सांगितलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, घरी पोचल्याबरोबर तिने सगळं सांगितलं असेल, आणि म्हणूनच महिनाभर तुझा फोन आला नसेल. म्हणून आता मीच सांगते. अगदी पहिल्यापासून, कारण तुला तुकड्यातुकड्यांत कळलं आहे.

ऑगस्टमध्ये एम.एस्सी.चा रिझल्ट लागला. एका पेपरात एक्केचाळीस मुलांना शून्य. एक नाही, दोन नाही, शून्य. त्यात सिमरोलची यमुना होती, ईशाची वर्गमैत्रीण. तिने पुरवणी जोडून पेपर लिहिला होता. मुलांनी अर्ज दिले, खिडकीवर रांगा लावल्या, उत्तर एकच, "प्रक्रिया चल रही है." ईशाचा स्वतःचा रिझल्ट चांगला होता. तिला गप्प बसता आलं असतं.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी ती लायब्ररीच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि तिने ते एक्केचाळीस रोल नंबर मोठ्याने वाचले. मग त्यांच्या उत्तरपत्रिकांबद्दल एवढंच म्हणाली, "इनकी कॉपियाँ किसी ने खोली ही नहीं. खोली हों तो दिखा दीजिए." घोषणा नाही, शिवी नाही. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो संध्याकाळपर्यंत सगळ्या इंदुरात फिरला.

आठ दिवसांत तिला नोटीस आली. आमच्या आचरण नियमावलीतला नियम अकरा: परवानगीशिवाय सभा घेणे, आणि विद्यापीठाच्या प्रतिमेला धक्का बसेल असे बोलणे, लिहिणे किंवा प्रसारित करणे. ही नियमावली तीन वर्षांपूर्वी बैठकीत आली, तेव्हा मी तिथे होते. चहा यायचा होता, उशीर झाला होता, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. नियम अकरा मी तेव्हा वाचलासुद्धा नव्हता.

आणि या वर्षी अनुशासन समितीत मी सदस्य आहे, हे तुला माहीत आहेच. तू म्हणाली होतीस, "बरं झालं, आपलं माणूस आहे तिथे."

सुनावणीच्या आदल्या दिवशी ईशा माझ्याकडे ओट्याशी उभी राहून पोहे निवडत होती. मी तिला म्हटलं, हट्ट करू नकोस. लिहून दे की सभा मी घेतली, बोलले ती चूक झाली, क्षमा असावी. लिहून दिलंस की ताकीद देऊन सोडतील, मी बघते.

ती म्हणाली, "पण मावशी, मी चूक बोलले का? तूच सांग."

"चूक-बरोबरचा प्रश्न नाही. तुझं वर्ष वाचवायचं आहे."

"तू म्हणतेस म्हणून लिहिते," ती म्हणाली. मजकूर मी सांगितला. मला वाटत होतं, मी तिला वाचवते आहे. शारदा, हे खरंच वाटत होतं, एवढं तरी मान.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण टेबलाच्या एका बाजूला, ती एकटी दुसऱ्या बाजूला. तो माफीनामा वाचला गेला. तोपर्यंत समितीकडे काय होतं? एक हलणारा व्हिडिओ. परवानगी मागितली होती की नाही, किती मुलं जमली होती, तिने बोलावली होती की आपोआप जमली, कशाचाही पुरावा नव्हता. तो आता तिच्याच अक्षरात समोर होता. अध्यक्षांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "चलिए, इन्होंने तो खुद मान लिया."

ईशा माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा ग्लास उचलला.

मग कुलसचिव सहज विचारावं तसे मला म्हणाले, "मैडम, बच्ची आपके घर पर ही रहती है ना?"

त्या प्रश्नात सगळं होतं. हे तुमच्या घरात ठरलं का, तुम्हीच शिकवलंत का. विभागप्रमुखपदासाठी माझं नाव पुढे होतं, तेही त्यांनाच ठाऊक होतं. मी उत्तर दिलं, "कमरा लेकर रहती है. बाकी मेरा कोई लेना-देना नहीं."

कमरा लेकर! म्हणजे भाडेकरू. सात वर्षांची असल्यापासून सुट्टीत माझ्याकडे येणारी मुलगी. ताप आला की माझ्याच अंथरुणात शिरणारी.

ईशाला आधी वाटलं, मी काहीतरी युक्ती करते आहे. ती पुढे झुकली आणि मराठीत म्हणाली, "मावशी, तूच म्हणालीस ना, असं लिही म्हणून?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी त्या मुलीला हिंदीत उत्तर दिलं, "यहाँ मैं आपकी कोई मौसी नहीं हूँ. मैडम कहिए. और मैंने आपसे कुछ नहीं लिखवाया."

ती रडली नाही. "जी, मैडम," म्हणाली आणि हात मांडीवर घेऊन बसली. त्यानंतर विचारलेल्या एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही. 'चौकशीत असहकार' असा आणखी एक दोष त्यामुळेच लागला.

दोन सेमिस्टर निलंबनाच्या ठरावावर पाच सह्या आहेत. चौथी माझी. तुला मी त्या रात्री फोनवर सांगितलं होतं की बहुमताने झालं, माझं कुणी ऐकलं नाही. ते खोटं होतं. मी काही बोललेच नाही.

ती घरी आली, बॅग भरली. मी म्हटलं, जेवून जा. म्हणाली, "बस निघून जाईल." दारातून मला वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा. त्यापेक्षा तिने काहीतरी फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं.

आता उरलेलं ऐक. नोव्हेंबरच्या शेवटी विद्यापीठाने त्या एक्केचाळीस जणांचे गुण गुपचूप बदलले. 'तकनीकी त्रुटि' म्हणे. यमुनाला एकसष्ट मिळाले. ती नवी मार्कशीट घेऊन विभागात आली होती, मला दाखवायला. "मॅम, ईशा कब आएगी? फोन नहीं उठाती मेरा." मी म्हटलं, येईल.

म्हणजे ईशा बोलली ते अक्षरशः खरं होतं. मी कुलसचिवांकडे गेले, म्हटलं, आता तरी निलंबन मागे घ्या. ते शांतपणे म्हणाले, "मैडम, नियम में सच-झूठ की बात कहाँ है? आपने ही तो पास किया था." मी घरी येऊन नियम अकरा पहिल्यांदा नीट वाचला. त्यात खरं हा शब्द खरोखरच कुठे नाही.

विभागप्रमुखपदाचं पत्र मला त्याच आठवड्यात आलं. दोन्हीचा संबंध नाही असं मी मनाशी म्हणते. एखाद्या दिवशी पटतं, एखाद्या दिवशी नाही.

तू सांगितलंस, ती मागच्या खोलीत बसून असते, पुस्तक उघडत नाही, कुणी काही विचारलं तर "जी" म्हणते. ते "जी" कुठून आलं, ते आता तुला कळलं. आणि तरीही तिने माझं नाव तुला सांगितलं नाही. तुझी-माझी शाळेपासूनची मैत्री तुटू नये म्हणून असेल. किंवा बोलून काही होत नाही, हे तिला आता माझ्यामुळे पटलं असेल. हे दुसरं कारण असेल, तर मी तिचं वर्ष नाही, त्याहून मोठं काहीतरी घेतलं आहे.

शुक्रवारी मी कुलगुरूंना लेखी निवेदन दिलं: माफीनामा मी सांगून लिहवून घेतला, सुटकेचं आश्वासन दिलं, आणि समितीसमोर ते नाकारलं. कार्यालयातल्या बाबूंनी शिक्का मारला आणि म्हणाले, "फाइल तो क्लोज़ हो गई, मैडम, इसमें लगाऊँ कहाँ?" शिक्क्याची प्रत सोबत पाठवते आहे. आम्हा शिक्षकांनाही तसलाच एक नियम आहे, त्यामुळे कदाचित आता मला नोटीस येईल. येऊ दे. निलंबन त्याने उठत नाही.

हायकोर्टाचं खंडपीठ इथेच आहे. ईशाला लढायचं असेल तर मी साक्ष द्यायला उभी राहीन. नसेल लढायचं तर तिच्यावर जबरदस्ती करू नकोस. मी एकदा केली आहे. हे पत्र तिला वाचायला दे, पण मावशीला माफ कर, असं तिला कधी म्हणू नकोस. लक्ष्मणरावांनाही दाखव, वडील आहेत ते तिचे. यापुढे मला काही पाठवू नका.

तुला काय वाटेल ते तू मला लिही, किंवा लिहू नकोस. हे पत्र वकिलांच्या हातात द्यावं लागलं तर त्यांना उपयोग व्हावा, म्हणून खाली पूर्ण नाव आणि पद लिहिते.

यातलं प्रत्येक वाक्य माझं आहे, आणि ते मला कुणी सांगून लिहायला लावलेलं नाही.

डॉ. प्रमोदिनी टोकेकर
सदस्य, अनुशासन समिती