आमच्या घरातली इयत्ता पहिली

सिग्नेट, टास्मानिया
११ जून

आदरणीय, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचलंस तर प्रियसुद्धा, एनिड आत्या,

आमचा तिघांचा आणि अकरा कोंबड्यांचा तुला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस असं बजावल्याच्या दुसऱ्याच दिवशी तू चर्चच्या घंटेपर्यंत चढून गेलीस, हे बाबांकडून कळलं. (घंटा वाजवायला नव्हे, तर ती वाजवणाऱ्याला वेळेवरून बोलायला, हेही कळलं.) आम्ही इकडे सुखरूप आहोत. मागच्या पत्रात तू लिनेटच्या शाळेचं विचारलं होतंस आणि मी दोन पानं हवामानावर लिहून तो प्रश्न टाळला. आज सगळं सांगते. एकतीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या बाईला 'मी लेकीला शाळेतून काढून घरी शिकवतेय' हे सांगायला धीर लागतो. मला तो गोळा करायला चार महिने लागले.

झालं असं की, गेल्या वर्षी ईस्टरला बालवर्गाच्या बाईंनी मुलांना अंडी रंगवायला दिली. लिनेट उठून म्हणाली की अंड्यांचा सण सप्टेंबरात असतो, आत्ता तर पानं गळतायत आणि आमच्या कोंबड्याही अंडी द्यायच्या थांबल्यात. (यात तिचं काय चुकलं? आम्हा निसर्गपूजक पेगन लोकांचे आठही सण ऋतूंवर चालतात, आणि इथले ऋतू काही इंग्लंडला विचारून बदलत नाहीत. आमची पुस्तकं मात्र तिकडे छापलेली, म्हणून घरातल्या प्रत्येक पुस्तकात तारखा खोडून सहा महिने पुढे ढकललेल्या आहेत.) बाई हसल्या. प्रेमानेच हसल्या, पण त्यांच्या मागून अख्खा वर्ग हसला आणि पोरीला 'चेटकिणीची पोर' हे नाव पडलं. तेव्हापासून आमची ही टकळी शाळेत बोलायचीच थांबली. एक-दोन दिवस नव्हे, वर्ष संपेपर्यंत. घरी तोंडाचा पट्टा चालू आणि शाळेचं फाटक आलं की कुलूप. पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा गार्थ म्हणाला, घरीच शिकवू. तुला ठाऊकच आहे, तुझा जावई होड्या बांधतो. वाफ दिली की फळी वाकते, तसंच पोरांचंही असतं, असा त्याचा समज.

फेब्रुवारीत मी रंगीत शाईनं वेळापत्रक केलं. नऊ वाजता चार दिशांना वंदन, सव्वानऊला भाषा. पहिल्याच दिवशी लिनेटनं विचारलं की उत्तर दिशा कुठे आहे हे कसं कळतं. गार्थनं होकायंत्र आणलं. मग ते फिरतं कशानं, असं विचारल्यावर त्यानं ते उघडून दाखवलं. जेवायच्या वेळेपर्यंत भाषा झाली नव्हती आणि होकायंत्रही उरलं नव्हतं. गणिताचं म्हणशील तर अकरा कोंबड्यांतून तीन वजा केल्या तर किती, असं मी विचारलं. तिनं 'कुठल्या तीन?' असं विचारलं आणि त्यानंतर दुपारपर्यंत माझ्याशी अबोला धरला. चंद्राची वही मात्र नेमानं चालली. रोज संध्याकाळी चंद्र बघायचा आणि काढायचा, ढग असले की पान काळं करायचं. (आमचा एप्रिल जवळजवळ पूर्ण काळा आहे. शिक्षण खात्याला ही वही दाखवावी की लपवावी यावर आमच्यात वाद झाला.)

पण वाचनाशी आली की गाडी रुतायची. बाळबोध पुस्तकातली जाडी कोंबडी चटईवर बसायची आणि लिनेट पुस्तक माझ्याकडे सरकवायची, 'तू वाच.' अक्षरं ओळखायची, पण जोडायचं नाव काढायची नाही. मी लाडीगोडी लावली, लाच म्हणून मध घातलेली बिस्किटं दिली, विद्येच्या देवीपुढे मेणबत्त्या लावल्या. शेवटी मी कपडे धुवायच्या खोलीत जाऊन रडले. तुझं ते 'आईनं आई असावं, मास्तरीण होऊ नये' हे वाक्य तिथे मला फार आठवलं, आणि त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलेही.

अशात मे महिन्यात आमच्या घरच्या शाळेची नोंदणी तपासायला खात्याची एक बाई येणार, असं पत्र आलं. मिसेस पास्को. त्यांचं समाधान झालं नाही तर नोंदणी रद्द आणि लिनेट परत त्याच फाटकाशी. मी तीन दिवस घर घासलं. देव्हाऱ्यावरची हरणाची शिंगं बघून बाई बिचकतील म्हणून गार्थनं ती कुठेतरी लपवली. (कुठे, ते बाई हात धुवायला न्हाणीघरात गेल्यावर कळलं. टबात. त्या बाहेर आल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.) मग त्यांनी लिनेटला पुस्तकातलं एक पान वाचायला सांगितलं. लिनेटनं पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, 'तुम्ही वाचा.'

काहीतरी करायचं म्हणून मी चहाला उठले, फडताळातून हाताला लागेल ती बरणी घेतली आणि किटलीत दोन चमचे पाला टाकला. मागून लिनेटचा आवाज आला.

'आई, ते वर्मवूड आहे.'

(वर्मवूड म्हणजे कोंबड्यांच्या अंगावरचे किडे मारायला ठेवलेला कडूजहर पाला. पुदिना शेजारच्या बरणीत होता.) मिसेस पास्कोंनी विचारलं, तुला कसं कळलं, वासावरून? लिनेट त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू खात्यानं चुकून भलत्याच कुणाला पाठवलंय.

'लिहिलंय ना त्यावर.'

बाई उठल्या आणि दुसऱ्या बरणीवर बोट ठेवलं. लिनेटनं ती वाचली. मग तिसरी. आत्या, पोरीनं चोवीस बरण्या वाचल्या, माझ्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलेल्या. आणि कॅमोमाइलच्या फुलांच्या बरणीपाशी थांबून सांगितलं की इथे आईनं एक 'एच' खाल्लाय, दुकानातल्या पाकिटावर तो असतो. किटली माझ्या हातातच होती.

बाई गेल्यावर आम्ही दोघी खुराड्यात एखादं अंडं मिळतंय का बघायला गेलो. वाचता येतं हे सांगितलं का नाहीस, असं मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. ती कोंबडीच्या पोटाखाली हात घालून म्हणाली, 'सांगितलं असतं तर तू मला वाचून दाखवायचं बंद केलं असतंस.'

मी तिला वचन दिलं की ती बारा वर्षांची होईपर्यंत रोज वाचून दाखवीन. तिनं पंधरा मागितली. तेरावर सौदा ठरला. तोपर्यंत माझं नाक लाल झालं होतं, ते मी थंडीवर ढकललं.

खात्याचं पत्र कालच आलं. नोंदणी कायम. शेरा असा: 'विद्यार्थिनीची प्रगती उत्तम. शिक्षिकेनं शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावं.' गार्थनं ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलंय, आणि माझी त्याला हरकत नाही.

तुझी भाची,
मेरिन

ता. क. एकवीस तारखेला आमचा वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा सण आहे. ओंडका पेटवतो, भरपूर खातो. तू ये. जेवणाआधी तुझी प्रार्थना तू मोठ्यांदा म्हण, आमचे देव बोलावल्याशिवाय मधे बोलत नाहीत.

ता. क. २. खरं काय ते आता लिहिते. परवा पाव आणायला गावात गेलो, तेव्हा बेकरीत लिनेटची तिच्या जुन्या बालवर्गातल्या एका मुलीशी गाठ पडली. दोघी पाऊण तास कोंबड्यांवर बोलत होत्या. हो, लिनेट बोलत होती. घरी आल्यावर तिनं मला विचारलं की आठवड्यातून दोन दिवस शाळेत गेलं तर चालेल का. मी म्हटलं, बघू. मग चौकशी केली, तर चालतं म्हणे. सोळा जुलैपासून. मी हे गार्थलाही अजून सांगितलेलं नाही. आत्या, पहिल्या दिवशी तिला तू नेशील? एकतीस वर्षं तू फाटकाच्या आत उभी राहून पोरांना आत घेतलंस, आता एकदा बाहेर उभी राहा. मी गेले तर हात सोडायची वेळ आली की माझाच सुटायचा नाही, आणि ती मागे वळून बघेल. तू असलीस तर नाही बघणार.